मफिन, मुलं आणि लाल पट्टी

आमच्या परसात वेलची केळीची चार-पाच झाडं आहेत. ज्यांच्या घरी केळीचा घड उतरतो त्यांना वेगळं सांगायला नको. आठ दिवस घड हिरवाच्या हिरवा टांगलेला असतो आणि मग सगळा एकदम पिकतो. बुधवारी जी फणी कच्ची म्हणून कुणी हात लावत नाही, ती रविवारी काळ्या ठिपक्यांनी भरते. शेजारीपाजारी देऊन झालं, दूध-केळं खाऊन झालं, तरी दीड-दोन डझन केळी उरतातच. पूर्वी मी त्यांचे मफिन करत असे. पूर्वी म्हणते, कारण मधली तीन वर्षं मी ओव्हनला हातच लावला नाही. तो का बंद पडला आणि पुन्हा कसा सुरू झाला, ते आज सांगायचं आहे. घरात लहान मुलं असलेल्या भगिनींना त्यातलं काही कामाला येईल.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजान चालू होता. असरची नमाज होऊन गेली होती, मगरिबला पाऊण तास उरला असेल. एका शेगडीवर भजी, दुसरीवर हलीम, आणि कोपऱ्यात ओटीजीमध्ये केळ्याचे मफिन. इफ्तारला नातेवाईक यायचे होते. मी ट्रे बाहेर काढला आणि ठेवायला ओट्यावर वीतभरही जागा नव्हती. खाली तिपाई होती, तिच्यावर ठेवला. वळून भजी काढते न काढते तोच किंकाळी ऐकू आली. माझी धाकटी तेव्हा दोन वर्षांची होती. तिने उजवा तळहात त्या ट्रेवर टेकवला होता.

त्यानंतरच्या दहा मिनिटांत घरातल्या प्रत्येकाने काही ना काही सुचवलं. कुणी म्हणालं शाई लावा, कुणी हळद. आलेल्या एका पाहुणीने टूथपेस्ट आणली आणि लावलीसुद्धा. मी बीएड झालेली, शाळेत प्रथमोपचाराचा तक्ता भिंतीवर लावणारी बाई, पोरीला कवटाळून नुसती बघत राहिले. डॉक्टरांनी आधी ती पेस्ट धुऊन काढली. ती धुताना पोर भाजताना रडली नव्हती तितकी रडली. मग त्यांनी मला एकच विचारलं, “नळाखाली किती वेळ धरला हात?” मी काही बोलले नाही. आम्ही हात नळाखाली धरलाच नव्हता.

जखम भरली, अलहम्दुलिल्लाह. मधल्या बोटाच्या मुळाशी एक चकचकीत खूण तेवढी राहिली आहे. पण त्या संध्याकाळनंतर मी स्वयंपाकघराच्या दारात गुडघाभर उंचीची लाकडी फळी बसवून घेतली. पोरांना आत यायला बंदी. ओटीजी चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. केळी उरली की गाईला घालू लागलो.

खरं सांगायचं तर ही व्यवस्था मला फार सोयीची वाटली. मी आत, मुलं बाहेर, हातात मोबाईल, घर शांत. घरी आलेल्या बायकाही म्हणत, किती छान, मुलं मध्ये मध्ये येत नाहीत! मलाही ते कौतुकच वाटे.

गेल्या वर्षी दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. मी उर्दू शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवते. एके दिवशी गणिताचे सर रजेवर होते म्हणून पाचवीचा तास माझ्याकडे आला. मी सहज विचारलं, “पाऊण लिटर दूध म्हणजे किती मिलिलिटर?” वर्ग गप्प. वाटलं, मराठी शब्द अडला असेल, म्हणून उर्दूत विचारलं, “पौन लिटर?” तरी गप्प. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही मोजमापं मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत जवळजवळ सारखीच आहेत, डेढ आणि दीड, ढाई आणि अडीच, आणि दोन्हीकडे मुलांच्या हातून ती निसटली आहेत. अखेर मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “साडेसातशे, टीचर.” हा मुलगा एरवी गणितात काठावर पास होणारा. तुला कसं माहीत, विचारलं तर म्हणाला, अब्बांच्या चहाच्या गाडीवर सकाळी दूध मीच मोजतो.

घरी येऊन थोरल्याला विचारलं. तो नऊ वर्षांचा, वर्गात पहिल्या पाचांत. त्याला पाऊण सांगता आलं नाही. तीन चतुर्थांश म्हटल्यावर वहीत बरोबर लिहून दाखवलं, पण पातेल्यात दाखव म्हटल्यावर माझ्याकडे बघत राहिला.

दुसरी गोष्ट धाकटीची. फळीपलीकडे उभी राहून ती मला भाकरी करताना बघत होती. म्हणाली, “अम्मी, मला भाजलं होतं ना, ते मला आठवतपण नाही. मग मी आत का नाही यायचं?”

तिला खरंच आठवत नव्हतं. सगळं आठवत होतं ते मला.

त्या रात्री मी आणि मुलांचे अब्बा बसलो आणि चार वर्षांपूर्वी जे करायला हवं होतं ते केलं. त्या दिवशी नेमकं काय चुकलं, ते क्रमाने आठवून बघितलं. ओव्हनने कुणाला भाजलं नव्हतं. भाजलं होतं ओव्हनमधून बाहेर आलेल्या ट्रेने, कारण तो ठेवायची जागा आधी ठरलेली नव्हती. पाहुणे यायची घाई होती, दोन शेगड्या पेटलेल्या होत्या, आणि पोरीकडे बघायला म्हणून कुणी नव्हतं. यातली प्रत्येक गोष्ट आमच्या हातातली होती. फळी बसवून मी मुलांना दूर केलं होतं, पण तिपाई तिथेच होती!

ओटीजी माळ्यावरून उतरला. भिंतीला टेकून असलेल्या मागच्या ओट्यावर, जिथे स्वतंत्र पॉइंट आहे, तिथे त्याची जागा केली. त्याची वायर पुढे लोंबत नाही. शेजारी दोन ट्रे मावतील एवढा ओटा कायम रिकामा. आणि जमिनीवर, ओट्यापासून दोन हातांवर, वायरमन वापरतात ती लाल चिकटपट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लावली. नियम दोनच. ओव्हन लागला की पट्टीपलीकडे फक्त मोठं माणूस. आणि गरम काहीही पट्टीच्या अलीकडे येणार नाही, मग ते मोठ्या माणसाच्या हातात का असेना. दुसरा नियम आम्हा मोठ्यांसाठी आहे आणि पाळायला तोच जास्त जड जातो. ट्रे पलीकडेच निवतो. ओव्हन बंद केल्यावरही त्याची काच आणि वरचा पत्रा बराच वेळ तापलेला असतो, म्हणून पट्टी आणखी अर्धा तास “चालू” राहते. थोरल्याने त्यासाठी पुठ्ठ्याची पाटी केली आहे, एका बाजूला लाल गोल, दुसऱ्या बाजूला हिरवा. पाटी फिरवायचा मान आळीपाळीने.

वेळही ठरवली. रमजानच्या संध्याकाळी नाही, शाळेच्या सकाळी नाही, पाहुणे येणार असतील त्या दिवशी नाही. रविवारी नाश्ता आवरल्यावर, शेगडी बंद असताना. मी ओढणी मागे घट्ट गाठ मारून बांधते, लांब बाह्या दुमडते. मुलांनाही घोळदार नायलॉनचे कपडे घालू देत नाही. घरात रांगतं मूल असेल तर मात्र माझं म्हणणं स्पष्ट आहे: ते झोपल्यावर किंवा दुसऱ्या कुणाच्या मांडीवर दुसऱ्या खोलीत असतानाच ओव्हन लावा. रांगत्या मुलाला पट्टीचा अर्थ कळत नाही.

आता मफिनच का? केक का नाही, बिस्किटं का नाही? बिस्किटाच्या पिठाला नेमका हात लागतो आणि केकचा एक मोठा गोळा बिघडला की सगळाच गेला. मफिनला फेटणं नाही, मिक्सर नाही, सुरीसुद्धा लागत नाही. एक भांडं कोरड्याचं, एक ओल्याचं, दोन्ही एकत्र करायचं, साच्यांत ओतायचं. तीन मुलांचे सहा हात त्यात मावतात. आणि प्रत्येकाचा वेगळा मफिन होतो, त्यामुळे मोठा तुकडा कुणाचा हे भांडण उरत नाही.

आमचं प्रमाण बारा मफिनचं आहे. एक कप मैदा आणि अर्धा कप कणीक, दोन्ही चाळून. एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, तीन-चार वेलच्यांची पूड. हे कोरडं. ओल्यात आठ अगदी पिकलेली वेलची केळी (जळगावची मोठी असतील तर तीन पुरतात), अर्धा कप साखर, पाव कप तेल, पाव कप दही आणि एक अंडं. कप कोणताही घ्या, सगळ्याला तोच वापरला की झालं. केळी जितकी काळी तितकी चांगली, कारण पिकताना त्यातल्या पिठूळपणाची साखर होत जाते. सालीला काळे डाग नसतील तर मफिन फिके लागतात. कुणी अंडं खात नसेल तर ते गाळून दही पाऊण कप घ्या. थोडे कमी फुगतात, पण लुसलुशीत होतात.

कामं वयाप्रमाणे वाटलेली आहेत. नणंदेचा मुलगा रविवारी आमच्याकडेच असतो. तो साडेतीन वर्षांचा. केळी सोलणं आणि ताटलीत काट्याच्या पाठीने चेचणं हे त्याचं खातं. तो ते इतक्या निष्ठेने करतो की एक केळं पोटात गेलं तरी आम्ही बोलत नाही. साच्यांत कागदी वाट्या लावणंही त्याचंच. धाकटी मोजते. कप भरून वरून कालथ्याच्या कडेने सपाट करायचा, दाबायचा नाही, हे ती आता मलाच शिकवते. अंडं तीच फोडते, पण वेगळ्या वाटीत, म्हणजे कवच पडलं तर काढता येतं आणि खराब निघालं तर सगळं मिश्रण वाया जात नाही. अंड्यानंतर लगेच साबणाने हात धुवायचे. थोरला कृती मोठ्याने वाचतो आणि कोण काय विसरलं ते सांगतो, हे त्याला मनापासून आवडतं.

पहिल्या रविवारचे मफिन मात्र रबरासारखे झाले. वर टोकं आलेली, आत उभी-उभी बिळं पडलेली. चूक माझीच होती. तिघांनाही ढवळायचं होतं, मी ढवळू दिलं, आणि ते दहा मिनिटं ढवळत राहिले. गव्हाच्या पिठाला पाणी लागलं की त्यात चिकट तंतू धरतात. त्याला ग्लुटेन म्हणतात. पोळीच्या कणकेला आपण म्हणूनच मळतो, की ते तंतू घट्ट व्हावेत आणि पोळी ताणता यावी. मफिनला नेमकं तेच नको असतं. तेव्हापासून नियम केला, प्रत्येकाने चारदा, म्हणजे बारा वेळा कालथा फिरवायचा, तळापासून वर, मोठ्याने मोजत. मोजून झालं की थांबायचं. कोरडं पीठ दिसेनासं झालं की झालं, बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतं. साडेतीन वर्षांचं पोर चारपर्यंत बरोबर मोजतं आणि पाचव्याला स्वतःच थांबतं. बालवाडीत हे शिकवायला किती आठवडे गेले असते!

सोड्याचा प्रयोग थोरल्यासाठी. खायचा सोडा आंबट पदार्थाला भेटला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याच बुडबुड्यांनी मिश्रण फुगतं. म्हणून दही. बेकिंग पावडरीत सोड्याबरोबर कोरडं आम्ल आधीच घातलेलं असतं, ओलावा आणि उष्णता मिळाली की ती कामाला लागते. डबा जुना झाला असेल तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघा, फसफसली तर ठीक. सोडा लिंबाच्या रसात टाकून बघायचा. जास्त सोडा घातला तर जास्त फुगेल हा थोरल्याचा अंदाज आम्ही एकदा करूनही बघितला. मफिन साबणासारखे लागले आणि रंग काळपट आला. ते बारा मफिन त्याने एकट्याने संपवायचे असं ठरलं होतं, पण दादीला दया आली.

कच्चं मिश्रण चाटण्यावरून रोज लढाई होते. बोट भांड्यात जातंच. पण कच्च्या अंड्याने पोट बिघडू शकतं हे आपल्याला माहीत असतं, कच्च्या पिठाचं लक्षात येत नाही. पीठही शिजवलेलं नसतं, त्यातही जंतू असू शकतात. मी सोलतानाच एक केळं बाजूला ठेवते. भांडं चाटायचं म्हटलं की त्याचे तुकडे पुढे करते. लढाई संपत नाही, पण टळते.

मग साचे भरायचे. आणि इथे तो शब्द आला. साचा काठोकाठ भरला तर मिश्रण उतू जातं, अर्धा भरला तर मफिन बुटका राहतो. “पाऊण भरायचा,” मी म्हटलं. धाकटीने विचारलं, पाऊण म्हणजे? मी एक साचा घेऊन दाखवला: हा अर्धा, हा भरलेला, आणि या दोघांच्या मधोमध पाऊण. तिने बारा साचे भरले. सातव्या साच्याला मी बघणं सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात तिने दादीला सांगितलं, “दादी, तुमचा चहा पाऊणच आहे, अजून आणू?”

ओव्हन आधी 180 अंशांवर दहा मिनिटं तापवून ठेवायचा. ट्रे आत मी घालते. पाटी लाल होते. 20 मिनिटं लागतात, कधी 22. ही वीस मिनिटं सगळ्यात अवघड, कारण हातांना काम नसतं. म्हणून भांडी धुणं तेव्हाच. टबात पाणी, थोडा साबण, सगळे पाटावर बसून. मग पट्टीच्या अलीकडे ओळीने बसून काचेतून बघायचं. मिश्रण कडेने आधी चढतं, मग मध्ये घुमट येतो.

अशाच एका रविवारी दादी खुर्ची घेऊन तिथे बसल्या आणि त्यांच्या लहानपणीची गोष्ट निघाली. घरात ओव्हन कुठला! ईदच्या आधी नानखटाईचं पीठ घरी मळायचं, पत्र्याच्या ट्रेमध्ये लावायचं आणि बेकरीच्या भट्टीवर न्यायचं. पाव भाजून झाल्यावर उरलेल्या आचेत बेकरीवाला घरोघरचे ट्रे लावून द्यायचा. आपला ट्रे ओळखू यावा म्हणून प्रत्येक घरची खूण वेगळी. केक करायचा झाला तर जाड पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. थोरला म्हणाला, म्हणजे ओटीजीच की, वरची दांडी आणि खालची दांडी. दादी म्हणाल्या, “आम्हालाही आई जवळ येऊ द्यायची नाही. राखेची रेघ ओढायची.” मी पट्टीकडे बघितलं. चार दिवस विचार करून लावलेली माझी पट्टी सत्तर वर्षं जुनी निघाली!

मफिन झाला की नाही हे बघायला मधोमध काडी टोचायची, कोरडी निघाली पाहिजे. ट्रे पलीकडच्या ओट्यावर, दहा मिनिटं. मग साच्यातून काढून जाळीवर. आत केळ्याचा गर आणि साखर असते, ती बाहेरच्या कडेपेक्षा जास्त वेळ गरम राहते, म्हणून छोट्यांना देताना मोडून, फुंकून. बारामधले तीन शेजारी जातात. ताटली नेणारा बदलत असतो.

इतर फळांचं थोडक्यात सांगते. चिकूचे मफिन सुंदर होतात, घोलवड-डहाणूचे चिकू आले की नक्की करा, पण बिया मोजून काढा. चिकूच्या बीला टोकाशी आकडा असतो, तो मुलाच्या घशात अडकू शकतो. आंब्याचा रस पातळ असतो, तो आटवून घट्ट केला तरच चालतो, आणि हापूस आटवायला माझं मन होत नाही, त्यामुळे आमच्याकडे रायवळ. सफरचंद किसून. स्ट्रॉबेरी किंवा अननसाचे तुकडे पाणी सोडतात आणि तळाशी बसतात, ते आधी चमचाभर कोरड्या पिठात घोळून घ्यायचे. रमजाननंतर उरलेला खजूर बिया काढून गरम पाण्यात भिजवून कुस्करला तर साखर निम्मी करता येते. अख्खे बदाम, अक्रोड, काजू पाच वर्षांखालच्या मुलांसाठी घालू नका, पूड करून घाला. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीही नको, भाजलेलंसुद्धा.

व्हॅनिला इसेन्सबद्दल बऱ्याच जणी विचारतात. व्हॅनिलाचा अर्क अल्कोहोलमध्ये काढतात. साध्या इसेन्सच्या बाटलीत ते असतं किंवा नसतंही, बाटलीवर वाचावं लागतं. मी तो प्रश्नच ठेवलेला नाही. वेलची, जायफळ, कधी संत्र्याची किसलेली साल. केळ्याला वेलचीइतकं काही शोभत नाही.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात इंचभर मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकून दहा मिनिटं तापवा आणि वाट्यांमध्ये मफिन लावा. मंद आचेवर 25 ते 30 मिनिटं. पण हे मी मुलांबरोबर करत नाही. तापलेलं मीठ आणि उघडी शेगडी, त्याला पट्टी पुरत नाही. मोजणं, कालवणं मुलांनी करावं आणि भाजताना त्यांना बाहेरच्या खोलीत बसवावं.

आणि एवढं करूनही भाजलंच तर? हे मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलं आहे, पाहुण्यांनाही दिसेल असं. भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचा, घड्याळ लावून 20 मिनिटं. दोन मिनिटांनी मूल शांत झालं म्हणून सोडायचं नाही. लगेच जमलं नसेल तर तीन तासांच्या आत केव्हाही केलं तरी उपयोग होतो. बांगडी, अंगठी सूज यायच्या आधी काढायची. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई, हळद, तूप, अंड्याचा बलक काही नाही. फोड फोडायचे नाहीत. स्वच्छ कापड सैल झाकून डॉक्टरकडे. लहान मुलाचा हात, चेहरा किंवा सांधा भाजला असेल तर जखम छोटी दिसली तरी दाखवायचंच. जास्त असेल तर 108 ला फोन. कागदाच्या खाली धाकटीने स्वतःच्या हाताचं चित्र काढलं आहे, त्या खुणेसकट.

गेल्या वर्षभरात आम्ही किती वेळा मफिन केले ते मोजलेलं नाही. मोबाईल सुटला असंही नाही, रविवारचे दोन तास तेवढे सुटले. एकदा मी शाळेचे पेपर तपासत होते आणि घाईत गरम ट्रे घेऊन दोन पावलं अलीकडे आले. “अम्मी, पट्टी!” तिघेही एकदम ओरडले. मी उलटी फिरले.

आता परसातला फणस पिकायला लागला आहे. धाकटी विचारते, फणसाचे मफिन का नाही? हा प्रश्न दादींपर्यंत गेला. त्यांचं म्हणणं, फणसाची सांदणं असताना मफिनची गरज काय? वाटीत मिश्रण, खाली वाफ, वर झाकण, तुमचे मफिन म्हणजे वाळलेली सांदणं! हा वाद दोन रविवार चालू आहे. या रविवारी अर्धा गर दादी घेणार आहेत आणि अर्धा आम्ही. धाकटीला अर्धं मान्य नाही. ती पाऊण मागते आहे.